रोजीच्या वाटा : सहाय्यक प्रशिक्षकाची एकोणीस वर्षे



या सदरात आपण हलाल रोजीच्या निरनिराळ्या वाटा समजून घेतो. कधी ती वाट आपल्याच मोहल्ल्यातून जाते, कधी परमुलखातून. या वेळची वाट अमेरिकेतली आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांच्या मुलांना तिच्यावरून चालावे लागेल. तरीही ती निवडण्याला कारण आहे. चांगल्या पगाराच्या नोकरीला लागलेला मुलगा एके दिवशी म्हणतो, ‘अब्बा, माझे मन यात लागत नाही, मला दुसरेच काही करायचे आहे.’ मग घरात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. अम्मी रडायला लागते, अब्बा गप्प होतात, मामू आणि चाचा फोनवरून समजूत घालतात. शेवटी मुलगा मन मारून नोकरीवर जातो, नाहीतर सगळ्यांचे मन मोडून निघून जातो. या दोन टोकांच्या मध्ये शांतपणे विचार करायला बरीच जागा असते. ती जागा कशी वापरावी, हे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सहाय्यक प्रशिक्षकाच्या आयुष्यावरून चांगले कळते.

आधी खेळाविषयी थोडेसे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा, कोल्हापूरच्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळा हातातच असतो. दोन्ही बाजूंना 11-11 खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकला तर चेंडू सहसा समोरच्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाआधी डाव ठरलेला असतो. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी कोणाला अडवायचे, कोणी कुठे धावायचे, सगळे आधी बसवलेले. म्हणून या खेळात खेळाडूंइतकेच डाव आखणाऱ्यांना आणि ते शिकवणाऱ्यांना महत्त्व आहे.

हा खेळ तिथे कॉलेजच्या पातळीवर किती मोठा आहे याची आपल्याला सहज कल्पना येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता 1 लाख 7 हजारांहून अधिक आहे आणि शनिवारी ते विद्यार्थ्यांचा सामना पाहायला भरते. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकऱ्यांत सर्वांत जास्त पगार राज्यपालांना नसतो, तो राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला असतो. मोठ्या विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालच्या प्रमुख सहाय्यकालाही वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त मिळू शकतात. वरून पाहिले तर सोन्याची खाणच. खालून चढणाऱ्याला मात्र ती वेगळी दिसते.

सर्वांत खालची पायरी पदव्युत्तर सहाय्यकाची. तिथे त्याला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणतात. हा तरुण विद्यापीठात एम.ए. किंवा तत्सम अभ्यासक्रमाला नाव नोंदवतो. त्याची फी माफ होते आणि वर खर्चापुरते थोडे मानधन मिळते. बदल्यात तो जवळजवळ पूर्ण वेळ संघाचे काम करतो. पुढच्या शनिवारी ज्या संघाशी सामना आहे त्याचे जुने सामने तो व्हिडिओवर पाहतो आणि एकेक डाव नोंदवतो. कितवा प्रयत्न होता, किती यार्ड हवे होते, खेळाडू कसे उभे होते, चेंडू कुणीकडे गेला, सगळे लिहून काढायचे. मग प्रतिस्पर्ध्याचे डाव मोठ्या कार्डांवर काढायचे, म्हणजे सरावात राखीव खेळाडूंना ते तसेच करून दाखवता येतात. याशिवाय पाहुण्यांना विमानतळावरून आणणे, बैठकीसाठी जेवण मागवणे, खुर्च्या मांडणे, हेही त्याच्याच वाट्याला येते. आपल्याकडे गॅरेजमध्ये नवा पोरगा आधी पाने पुसतो आणि चहा आणतो, तसेच हे.

दुसरी पायरी विश्लेषकाची. त्याचे काम कार्यालयात, पडद्यासमोर. 2024 च्या उन्हाळ्यापर्यंत तर नियमच असा होता की मोठ्या विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षकाखेरीज ठरावीक 10 सहाय्यकांनी आणि पदव्युत्तर सहाय्यकांनीच मैदानावर शिकवायचे. विश्लेषकाला खेळाडूला काही सांगावेसे वाटले तरी गप्प बसावे लागे. त्या वर्षी हा नियम सैल झाला.

तिसरी पायरी एका जागेच्या प्रशिक्षकाची. कोणी फक्त धावणाऱ्यांना शिकवतो, कोणी फक्त अडवणाऱ्यांना. इथून खरा सहाय्यक प्रशिक्षक सुरू होतो आणि इथूनच भरतीचे कामही गळ्यात पडते. गावोगावच्या शाळांत जाऊन चांगली मुले हेरायची, त्यांच्या घरी बसायचे, आईवडिलांना पटवायचे की तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा, आम्ही त्याला सांभाळू. चौथी पायरी समन्वयकाची. आक्रमणाचा एक, बचावाचा एक, असे हे मुख्य प्रशिक्षकाचे उजवे-डावे हात. सर्वांत वर मुख्य प्रशिक्षक.

आता हिशेब पाहा. सर्वोच्च गटात सुमारे 130 विद्यापीठे आहेत, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्याही तेवढ्याच. त्यांच्याखाली प्रत्येकी 10 धरले तर मानाचे सहाय्यक सुमारे 1,300. त्या जागांकडे डोळे लावून बसलेले मात्र खालच्या गटांतल्या शेकडो कॉलेजांत आणि हजारो शाळांत विखुरलेले आहेत. निक सेबन हे या खेळातले सर्वांत यशस्वी प्रशिक्षक मानले जातात. सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून ते जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले. त्यांनी 1973 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात पदव्युत्तर सहाय्यक म्हणून सुरुवात केली आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली जागा त्यांना 1990 मध्ये टोलेडोत मिळाली. मधली 17 वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली गेली. सर्वांत यशस्वी माणसाची ही गोष्ट, बाकीच्यांची काय सांगावी!

या वाटेवरून चाललेला एक माणूस आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. त्यांचे नाव रॉबर्ट सालेह. मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न नावाचे शहर आहे. फोर्ड मोटारींचे हे गाव. कारखान्यांतल्या कामाच्या ओढीने लेबनॉन, येमेन, इराक या देशांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे येऊन वसली. आज अमेरिकेतल्या अरब आणि मुस्लिम जीवनाचे हे मोठे केंद्र आहे. सालेह इथल्याच एका लेबनीज मुस्लिम घरातले. शाळेत फुटबॉल खेळले, पुढे नॉर्दर्न मिशिगन या दुसऱ्या गटातल्या विद्यापीठात खेळले. खेळाडू म्हणून फार पुढे जाण्यासारखे नव्हते. वित्त विषयातली पदवी घेतली आणि बँकेत नोकरीला लागले. घरच्यांच्या दृष्टीने सगळे मार्गी लागलेले.

मग 11 सप्टेंबर 2001 चा दिवस आला. त्यांचा भाऊ त्या सकाळी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात होता. अल्लाहच्या मेहेरबानीने तो जिवंत बाहेर पडला. पण त्या दिवसाने सालेह यांच्या मनात एक प्रश्न रुजवला. आयुष्य इतके अनिश्चित असेल, तर ते ज्या कामात मन नाही त्यात का घालवायचे? काही महिन्यांनी त्यांनी बँक सोडली. बँक म्हटल्यावर काही वाचकांच्या मनात व्याजाचा मुद्दा येईल, पण या निर्णयामागचे कारण हे होते.

बँक सोडून ते गेले कुठे? 2002 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात, सर्वांत खालच्या पायरीवर. तिथून सेंट्रल मिशिगन, तिथून जॉर्जिया. 2005 मध्ये ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघात उमेदवार म्हणून शिरकाव झाला. तिथेही पुन्हा खालूनच चढत 2010 पर्यंत राहिले. 2011 पासून तीन हंगाम सिॲटल. तिथे तिसऱ्या हंगामाअखेर संघाने सर्वोच्च विजेतेपद, सुपर बोल, जिंकले, तेव्हाही त्यांचे काम बरेचसे पडद्यामागचेच होते. 2014 पासून जॅक्सनव्हिल. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्यांना बचावाचे समन्वयक केले. 2018 चा हंगाम वाईट गेला, 16 पैकी 12 सामने हरले आणि त्यांना हटवण्याची भाषा सुरू झाली. मुख्य प्रशिक्षकांनी त्यांना ठेवले. पुढच्याच हंगामात तो संघ सुपर बोलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जानेवारी 2021 मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. या व्यावसायिक लीगच्या इतिहासातले ते पहिले मुस्लिम मुख्य प्रशिक्षक.

2002 ते 2021, एकोणीस वर्षे. डिअरबॉर्नमध्ये त्या दिवशी आनंद झाला नसता तरच नवल. पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहील. जेट्सबरोबर त्यांनी 20 सामने जिंकले आणि 36 हरले. ऑक्टोबर 2024 मध्ये, हंगाम सुरू होऊन पाचच सामने झाले असताना, त्यांना काढून टाकण्यात आले. 2025 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला परत गेले, ते पूर्वीच्याच समन्वयकाच्या जागेवर. मुख्य पदावरून उतरून पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचे, याला मन मोठे लागते. आपल्याकडे मॅनेजर राहिलेला माणूस त्याच कंपनीत पुन्हा हाताखाली काम करायला सहसा तयार होत नाही. लोक काय म्हणतील, ही भीती आडवी येते. या धंद्यात मात्र हे नेहमीचे आहे आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

या नोकरीचा सर्वांत कठीण भाग हाच. सहाय्यकाचे काम कितीही चांगले असो, मुख्य प्रशिक्षक गेला की बहुधा तोही जातो, कारण नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो. करार एक ते तीन वर्षांचे. हंगाम डिसेंबरमध्ये आटोपत आला की कुणाची खुर्ची हलते याच्या बातम्या सुरू होतात. जानेवारीत प्रशिक्षकांच्या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरते, तेव्हा हॉटेलांच्या दिवाणखान्यांत शेकडो तरुण ओळखीपाळखी काढत नोकरी शोधत फिरतात. मग नवे शहर, नवे भाड्याचे घर, मुलांची नवी शाळा. सालेह यांना सात मुले आहेत. वरची शहरांची यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक नावापुढे सामानाचा ट्रक, शाळेचे दाखले आणि नव्या शेजाऱ्यांशी ओळखी लिहून पाहा. ती यादी एका माणसाने एकट्याने चाललेली नाही.

वेळेचेही तसेच. हंगामात विद्यार्थी खेळाडूंना आठवड्याला 20 तासांहून जास्त सराव देता येत नाही, असा नियम आहे. प्रशिक्षकांच्या तासांना मात्र मर्यादा नाही. शनिवारी सामना, रविवारी त्याचा व्हिडिओ, सोमवारी पुढच्या सामन्याची आखणी, मंगळवार-बुधवार कसून सराव, शुक्रवारी प्रवास. घरी जेवायला असण्याचे दिवस बोटांवर मोजावेत.

आता आपल्या घरांत पहिला विचारला जाणारा प्रश्न. नमाज-रोज्याचे काय? डिअरबॉर्नच्याच फोर्डसन शाळेचे उदाहरण इथे देण्यासारखे आहे. सालेह याच शाळेचे विद्यार्थी. इथली बहुसंख्य मुले अरब मुस्लिम घरांतली. 2010 मध्ये रमजान ऑगस्टमध्ये आला आणि हंगामापूर्वीच्या कडक सरावाचे दिवसही तेच. उन्हाळ्याचा लांब रोजा, अंगावर हेल्मेट आणि जाड संरक्षक साहित्य, पाणी नाही. प्रशिक्षकांनी सरावच रात्रीचा केला. रात्री 11 वाजता सुरू करायचा आणि सहरीच्या वेळेच्या सुमारास संपवायचा. या संघाच्या रमजानवर 2011 मध्ये ‘फोर्डसन : फेथ, फास्टिंग, फुटबॉल’ नावाचा माहितीपटही आला. रोजाही झाला आणि खेळही झाला, कारण वेळापत्रक ज्यांच्या हातात होते त्यांनी रोजा काय असतो हे जाणले होते.

सहाय्यक प्रशिक्षकाच्या हातात मात्र वेळापत्रक नसते. तो इतरांनी ठरवलेल्या वेळेला हजर असतो. जुमा पाहा. शुक्रवार बहुधा प्रवासाचा किंवा शेवटच्या तालमीचा. ज्याला नमाजसाठी वेळ हवी, त्याने ती नोकरी घेतानाच मागायला हवी. आज रमजान कॉलेजच्या वसंतातल्या सरावाच्या सुमारास येतो. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे 2030 नंतर तो डिसेंबर, नोव्हेंबर असा ऐन सामन्यांच्या दिवसांत येऊ लागेल. आज या वाटेवर पाऊल ठेवणाऱ्या मुलाने हे गणित आजच करून ठेवावे. दुसरी गोष्ट जुगाराची. 2018 नंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांत खेळांवर पैज लावणे कायदेशीर झाले आहे आणि सामन्यांभोवती त्याच्या जाहिराती असतात. कॉलेजच्या प्रशिक्षकाला कॉलेजच्या खेळांवर पैज लावायला मनाई आहे. इथे संस्थेचा नियम आणि आपला दीन एकाच बाजूला आहेत, ही समाधानाची बाब. तरी त्या वातावरणात राहून मन स्वच्छ ठेवणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

या सगळ्यातून आपल्या घरांनी काय घ्यावे? ‘मनाला वाटेल ते कर, यश मिळेलच’ असा धडा आम्हाला यातून दिसत नाही. सालेह पोचले, पण त्यांच्याबरोबर 2002 मध्ये खालच्या पायरीवर उभे असलेले सगळेच पोचले नाहीत. मुलाने नोकरी सोडण्याची गोष्ट काढली, मग ती खेळासाठी असो, स्वयंपाकाच्या धंद्यासाठी असो की चित्रकलेसाठी, तेव्हा रागावण्याऐवजी आणि लगेच हो म्हणण्याऐवजी त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारावेत.

पहिला : तुला त्या कामाची सर्वांत वरची पायरी आवडते की सर्वांत खालची? हजारोंच्या गर्जनेत मैदानाकडेला उभे राहायला कोणालाही आवडेल. रात्री 2 वाजता एकच डाव विसाव्यांदा पाहून लिहून काढायला आवडते का, हे महत्त्वाचे. शक्य असेल तर नोकरी न सोडता दोन-तीन महिने सुट्टीच्या दिवशी ते खालचे काम करून पाहावे.

दुसरा : किती वर्षे आणि कशावर? पदव्युत्तर सहाय्यकाची मुदत साधारण दोन वर्षांची असते. तेवढ्यात पुढची पायरी मिळाली नाही तर थांबून विचार करावा लागतो. आपल्या मुलानेही मुदत ठरवावी आणि त्या काळात घरातले भाडे, धाकट्या बहिणीची फी, अब्बांची औषधे कोण देणार हे कागदावर लिहावे.

तिसरा : हात रिकामा तर राहणार नाही ना? त्या पदव्युत्तर सहाय्यकाला प्रशिक्षक होता आले नाही तरी पदवी हातात उरते. सालेह यांच्याकडेही वित्ताची पदवी होतीच. आपल्याकडे खेळाच्या वाटेने जाणाऱ्या मुला-मुलींसाठी शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड., एम.पी.एड. या पदव्या आहेत, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षकाची पदविका आहे, फुटबॉलमध्ये राष्ट्रीय महासंघाचे ‘डी’ परवान्यापासून वर जाणारे परवाने आहेत. खेळाचे वेड असलेल्या मुलाने त्यातले काहीतरी हातात घ्यावे. निव्वळ चांगला खेळतो म्हणून शाळा-कॉलेजात प्रशिक्षकाची कायम नोकरी मिळत नाही.

चौथा : घरात कोणाकोणाशी बोललास? लग्न झालेले असेल तर पत्नीशी आधी, आईवडिलांशी नंतर. शहर बदलले की तिचे माहेर लांब जाते, तिची नोकरी सुटते, मुलांचा मदरसा बदलतो. तिच्या मशवऱ्याशिवाय घेतलेला निर्णय पुढे घरात कुरकुर होऊन बसतो. तिच्या संमतीने घेतलेल्या निर्णयात कष्ट असले तरी बरकत असते.

या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मुलाकडे असतील, तर आईवडिलांनी त्याला अडवू नये, असे आमचे मत आहे. आणि उत्तरे नसतील तर त्याला झिडकारू नये, उत्तरे शोधायला वेळ द्यावा. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणापासून देतो. हे चार प्रश्न म्हणजे उंट बांधणेच आहे. त्यानंतर इस्तिखारा करावा, दुआ करावी आणि जे पुढे येईल ते सब्राने स्वीकारावे.

घरातल्या थोरल्यांसाठी एक शेवटचे. मुलगा त्या वाटेवर गेला आणि पाच वर्षे खालच्याच पायरीवर राहिला, तर नातेवाइकांच्या बैठकीत ‘अजून सहाय्यकच का?’ असा प्रश्न येईल. तो प्रश्न घरात शिरू देऊ नका. मन लावून केलेले, हलाल मार्गाचे काम दुसऱ्याच्या हाताखालचे असले तरी त्यात इज्जत आहे. डोक्यावर हात ठेवून ‘जा बेटा, अल्लाह हाफिज’ म्हणणारे घर पाठीशी असेल, तर मुलाला ती वर्षे निभावता येतात, इन्शाअल्लाह.